माझ्या मरणाचे डबिंग

माझा आजार मला प्रथम पडद्यावर दिसला.

धुळ्याच्या एका गल्लीत लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांचे दुकान आहे आणि त्या दुकानामागे एडिटिंगची अरुंद खोली. तिथे बसून मी आमच्याच चित्रपटाचे तुकडे पाहत होते. प्रसंग विनोदी होता. ठसका लागलेली नायिका घटाघटा तांब्याभर पाणी पिते आणि घोटाघोटांच्या मधल्या फटीतही सासूला टोमणे मारायचे सोडत नाही. ती नायिका मी. कॅमेरा अगदी जवळ होता, मान वर होती, आणि प्रत्येक घोटाबरोबर माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला काहीतरी वर जाऊन खाली येत होते. मी चित्र थांबवले, मागे नेले, पुन्हा चालवले. प्रयोगशाळेत एखाद्या बरणीतल्या रोपाच्या बुडाशी बुरशीचा पांढुरका ठिपका दिसल्याचा संशय आला की मी ती बरणी उजेडासमोर धरते. त्याच नजरेने मी स्वतःची मान पाहिली. संशय खरा निघाला.

वाचकाला माझ्याविषयी दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. मी जीवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केले असून जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत केळीची ऊतीसंवर्धित रोपे तयार करण्याच्या विभागात काम करते. आणि सुटीच्या दिवशी मी लोकांना हसवते. धुळ्याचे ते दुकान ज्यांचे आहे त्यांना आम्ही सारे जिभाऊ म्हणतो, म्हणजे थोरले भाऊ. पोटासाठी ते लग्ने चित्रित करतात आणि मनासाठी खानदेशी बोलीतले विनोदी व्हिडिओ काढतात. त्यांतले बहुतेक मी लिहिते आणि त्यांत कामही करते. पहिल्यांदाच आम्ही पूर्ण लांबीचा चित्रपट करत होतो. त्याची कथा माझी: गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या एका विनोदी बाईला पोटाचा कॅन्सर होतो, आणि उपचार चालू असतानाही ती कार्यक्रम थांबवत नाही. शेवट मात्र जिभाऊंचा होता. त्यात ती मरते. शेवटी डोळे पुसत बाहेर पडल्याशिवाय प्रेक्षकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती.

नायिकेच्या मरणाचा प्रसंग सोडून सर्व चित्रित झाले होते. आमच्याकडे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यावर नोंदला जातो तो कच्चा आवाज. त्यात ट्रॅक्टर, कोंबड्या, बघ्यांचे खोकले, सगळे येते. पक्का आवाज नंतर खोलीत बसून द्यायचा असतो, आणि तो मी एकाही प्रसंगाला दिलेला नव्हता. अनोळखी गाठ गळ्यात घेऊन मी त्या खोलीतून उठले, तेव्हा हे माझ्या लक्षातही आले नाही.

चांगला कॅन्सर

निदानाच्या दिवशी जळगावच्या रुग्णालयात माझ्याबरोबर बाबा होते. बाबा गणिताचे शिक्षक. शल्यचिकित्सकांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि सांगितले की हा थायरॉइडचा कॅन्सर आहे आणि कॅन्सर व्हायचाच असेल तर हा त्यातला चांगला.

चांगला म्हणजे कोणत्या निकषावर, असे मी विचारले. त्यांना प्रश्नाचा राग आला नाही. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात आणि दीर्घकाळ जगतात, असे त्यांनी शांतपणे समजावले. उत्तर योग्य होते. तरीही सांगते, ज्यांना हे वाक्य ऐकवले जाईल त्यांच्यासाठी: त्यावर कृतज्ञ होण्याची सक्ती नाही. पायाला विंचू चावलेल्या माणसाला, बरे झाले, साप नव्हता, असे म्हणता येते. म्हणून त्याने पाय नाचवायला हवा असे नाही.

बाबांनी मात्र त्या वाक्यातला एकच शब्द उचलला. दालनाबाहेर येताच त्यांनी आईला फोन लावून सांगितले, चांगला आहे. आईने त्याचा अर्थ अहवाल चांगला आहे असा घेतला, देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या घरीही दिली. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या काकू तोंड गोड करून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आईला दुसऱ्यांदा, आणि या वेळी खरे, सांगावे लागले. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधणारे बाबा भिंतीकडे पाहत उभे होते.

मी डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारली होती. आवाजाची नस गाठीच्या शेजारून जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आवाज जाऊ शकतो का? शक्यता कमी, ते म्हणाले. म्हणजे शून्य नाही, मी म्हणाले. त्यांनी मला माझे काम विचारले. मी प्रयोगशाळेचे सांगितले आणि बाबा उठायच्या तयारीला लागले. मग मी म्हणाले, “आणि मी लोकांना हसवते. आवाजावर.”

डॉक्टरांनी ती ओळ केसपेपरवर लिहून घेतली. त्या दिवसातली मला आवडलेली गोष्ट तेवढीच.

तथास्तु

घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे आपल्याकडे मानतात. आईच्या मते मी बोलण्यावर थांबले नव्हते. मी ते लिहिले होते, पाठ केले होते, कॅमेऱ्यासमोर हसत हसत म्हटले होते. कॅन्सर झालेल्या बाईचे सोंग मी घेतले आणि वास्तूने मान डोलावली.

मी तिला समजावले की गाठ वाढायला फार मोठा काळ लागतो आणि कथा लिहायला बसले तेव्हा ती माझ्या गळ्यात आधीपासून असणार. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. आईने सगळे ऐकून घेतले.

“तुझं शास्त्र बरोबर असेल,” ती म्हणाली. “पण लिहिलं तू आणि झालं तुला. मी आई आहे. मला एवढंच दिसतं.”

चित्रपट सोड, असा तिचा आग्रह होता. मी शब्द दिला नाही. ती दुखावली आणि घरात एक थंड शिस्त सुरू झाली. औषधे वेळेवर, जेवण वेळेवर, बोलणे गरजेपुरते. त्यात आत्याने सुचवले की बाहेर कॅन्सर म्हणू नये, नुसते थायरॉइड म्हणावे, पुढे लग्नाचे पाहायचे आहे. मी त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वतः लिहिले की मला कॅन्सर आहे आणि अमुक आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. लपवलेल्या आजाराची राखण घरच्यांना करावी लागते आणि माझ्या घरच्यांकडे तेवढी ताकद शिल्लक नव्हती. उलट परिणाम असा झाला की फोन थांबेनात. कितवी स्टेज, केस जाणार का, खर्च किती. शेवटी आईने फोन घेणेच बंद केले. तो वाजत राही आणि ती भाजी निवडत राही. या गोष्टीचे पुढे काय झाले ते ओघात येईल.

शस्त्रक्रियेपूर्वी निदान अर्ध्या चित्रपटाचा आवाज देऊन टाकावा, असे मला तीव्रतेने वाटत होते. पण लग्नसराई होती. जिभाऊंची खोली वरातींनी भरलेली होती, आणि शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळाली. लग्न पुढे ढकलता येत नाही, गाठही नाही. डबिंगच पुढे गेले.

वाटी आणि चमचा

शुद्धीवर आल्यावर मी आईला हाक मारली. बाहेर नुसती हवा आली.

डॉक्टर संध्याकाळी आले, खुर्ची ओढून बसले आणि आडवळण न घेता बोलले. गाठ एका बाजूच्या नसेला चिकटलेली होती. नस वाचवायची तर कॅन्सर मागे ठेवावा लागला असता. त्यांनी कॅन्सर काढला. आता एक स्वरतंतू हलत नव्हता. काही महिन्यांत आवाज थोडा सुधारेल, पूर्वीचा मात्र होणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर तोच निर्णय घेतला असता, हे मी सिस्टरांनी दिलेल्या पाटीवर लिहून दाखवले. ते गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले, तेही आवाजाशिवाय. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळले नाही, असे मला वाटले होते.

त्या जामनेरच्या होत्या, पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या. सगळा वॉर्ड त्यांना अक्का म्हणे. वॉर्डात पाणी हवे, सलाइन संपले, पट्टी ओली झाली, काहीही झाले तरी “सिस्टर” अशी हाक मारावी लागते. आवाज नसलेल्या रुग्णाचा विचार त्या व्यवस्थेत कोणी केलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी त्यांची स्टीलची वाटी आणि चमचा माझ्या खाटेवर ठेवला आणि बजावले की संकोच करशील तर मी वाजवीन, आणि मी वाजवते तेव्हा देवळातली आरती सुरू झाल्यासारखे वाटते. त्यांनी एकदा प्रात्यक्षिकही दिले. सिस्टर धावत आल्या, मागोमाग दोन खाटांवरचे नातेवाईकही. ज्यांची गळ्याची शस्त्रक्रिया होणार असेल त्यांनी घरून निघताना वाटी-चमचा बरोबर घ्यावा. कोणत्याही सूचनापत्रकात हे छापलेले नसते.

भीतीविषयीही लिहायला हवे. मरणाची भीती होती, पण ती लाटेसारखी येऊन जात असे. ठाण मांडून बसली ती वेगळी भीती. आता चार-पाच शब्दांनंतर माझा श्वास संपत होता. अर्धा तर स्वरतंतूंच्या फटीतूनच सुटून जात होता. माझा विनोद मशीनगनसारखा होता. एका श्वासात तीन टोमणे आणि चौथा जाता जाता. हे सारे आता शारीरिकदृष्ट्या अशक्य होते. मी वाक्य सुरू करीन आणि ते संपण्याआधी समोरचा माणूस दुसरीकडे पाहू लागेल, हे दृश्य मला डोळे मिटले की दिसे.

पुढे उरल्यासुरल्या पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनसाठी काही दिवस नाशिकला एकटीने खोलीत राहावे लागले. दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून माणसे मागे सरत. तिथे मी भिंतीशी सराव केला. भिंत मध्येच उठून जात नाही.

फ्लेक्स

नाशिकहून परतल्यावर जिभाऊ भेटायला जळगावला आले. आमच्या भागात रुग्णाला कोणी केळी आणत नाही. केळी घरोघरी असतात, ती आणणे म्हणजे नदीवर पाणी नेणे. जिभाऊंनी सफरचंदे आणली होती, म्हणजे मामला गंभीर होता. बराच वेळ ते लग्नांविषयी बोलले. मग त्यांनी सांगितले की धुळ्याची एक मुलगी आहे, रिक्षावरच्या जाहिरातींना तिचा आवाज असतो, तो स्वच्छ आहे आणि माझ्या जुन्या आवाजाच्या जवळ जातो. संपूर्ण चित्रपटाचे डबिंग ती करील. शेवटच्या प्रसंगाला माझी गरजच नव्हती, कारण त्यात फक्त माझा फोटो लागणार होता.

“तू आराम कर,” ते म्हणाले. “तुनं काम मी पुरं करस.”

यात लबाडी अजिबात नव्हती, होती ती निव्वळ माया. म्हणूनच तिच्याशी भांडणे अवघड होते. शिवाय भांडायला आवाज लागतो. मी जोर लावून नाही म्हणाले, तेही फुसफुसत बाहेर पडले, आणि त्यांनी ते थकव्याच्या खात्यावर जमा केले. ते गेल्यावर मला नेमके उमगले की काय पणाला लागले आहे. माझा चेहरा पडद्यावर राहील, माझी वाक्ये राहतील, पण ती बोलेल दुसरी कोणी, आणि शेवटी मी मरेन. माझ्या हयातीत, माझ्या परवानगीशिवाय.

जिभाऊंनी तो प्रसंग सोनगीरला, महामार्गालगतच्या चौकात चित्रित करायचे ठरवले. हल्ली माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो, तसा त्यांनी छापून घेतला: वर “भावपूर्ण श्रद्धांजली”, मध्ये हार घातलेला माझा हसरा फोटो, खाली नायिकेचे नाव. त्या दिवशी आभाळ भरून आले आणि चित्रीकरण अर्धेच राहिले. उरलेले उद्या उरकू म्हणून त्यांनी फ्लेक्स तसाच ठेवला.

आणि त्या संध्याकाळी माझे शिरपूरचे मामा बसने धुळ्याला निघाले होते.

दारावर

खानदेशात कोणी गेले की नातलग दारावर येतात. आगाऊ कळवत नाहीत. बायका गल्लीच्या तोंडापासून रडत येतात, पुरुष खांद्यावर उपरणे टाकून मुकाट्याने बसतात, आणि ज्या घरात चूल पेटलेली नसेल त्या घरासाठी पिठले-भाकरी बरोबर आणतात. मामांनी बसच्या खिडकीतून माझा हार घातलेला फोटो पाहिला. नाव वाचण्याआधी बस पुढे गेली होती. त्यांनी आईला फोन केला. आई फोन घेत नव्हती. बाबांना करावा, तर गेलेल्या मुलीच्या बापाला फोनवर विचारायचे काय? भाचीची शस्त्रक्रिया झाल्याचे सर्वांना ठाऊक होतेच. उपलब्ध माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण अतार्किक नव्हता. ते रात्रीच शिरपूरला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामी, दोन शेजारी आणि पिठले-भाकरीचा मोठा डबा घेऊन जीपने निघाले.

मी व्हरांड्यात मीठ-पाण्याच्या गुळण्या करत होते. गल्लीच्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला. कोणाकडे काही झाले असेल म्हणून मी दाराशी गेले. मामी पदर तोंडाला लावून आमच्याच घराकडे येत होत्या. फाटकाशी त्यांनी मान वर केली, मला पाहिले आणि त्यांचे रडणे मध्येच तुटले. मामा त्यांच्या मागे थबकले.

“व माय,” ते हळूच म्हणाले, “तू तं जित्ती शे.”

मागून आई आली. सोनगीर, बस, फ्लेक्स, सारे तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडले. आईचा चेहरा पांढराफटक झाला. तथास्तु म्हणणारी वास्तू तिच्या दारात जीप करून आली होती. शेजारी अंगणात गोळा झाले. कोणाला हसायचे धाडस होईना, रडायचे कारण उरले नव्हते, आणि आलेल्या चौघांना परत जावे की बसावे हेही कळेना. दारावर आलेला माणूस न बसता जात नाही, आणि मेलेले माणूस समोर उभे असताना बसायचे कसे, याची रीत कोणी घालून दिलेली नाही.

मी बोलले. ओरडून बोलणे शक्यच नव्हते.

“मामा, उनात तं बसा.” आलात तर बसा, एवढेच. श्वास संपला. मी तो घेतला. अंगणातली सगळी माणसे ऐकायला पुढे झुकली. “जी गयी...” पुन्हा श्वास. आता पलीकडच्या गच्चीवरची बाईसुद्धा हलत नव्हती. “ती मन्ही भलती जवळनी व्हती.”

मग मामींच्या पदराआडून एक विचित्र आवाज आला; तो हुंदका आहे असे मला वाटले, पण ते हसू होते. मग मामा, मग शेजारी, मग सगळे अंगण. आई मात्र हसली नाही. ती आत गेली, ताटे घेऊन आली आणि डबा उघडून सगळ्यांना वाढू लागली. माझ्या ताटात तिने पिठले जरा जास्त वाढले, कारण ते गिळायला सोपे होते. “खा,” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच आणलंय.” आणि तेव्हा ती हसली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. माझ्या सुतकाची पिठले-भाकरी मी पोटभर खाल्ली. सांगायला हरकत नाही, मामींच्या हाताला चव आहे.

जेवताना मी विचार करत होते तो मात्र वेगळाच. माझा जुना आवाज लोकांना ढकलत असे. नवा त्यांना ओढत होता. मला श्वास घ्यावा लागतो तिथे वाक्य तुटते, आणि त्या तुटलेल्या जागेत ऐकणारा अडकून राहतो. हे निरीक्षण एकाच प्रसंगाचे होते, म्हणजे पुरावा म्हणून कमकुवत. त्याची चाचणी घ्यायला हवी होती.

चाचणी

आईने त्या दिवसानंतर चित्रपट सोड असे म्हटले नाही. धुळ्याला जाताना तिने गळ्यावरची टाक्यांची खूण झाकायला ओढणी दिली, मी ती पिशवीत ठेवली, आणि तिने ते पाहूनही काही म्हटले नाही. आमच्यात एवढी प्रगती पुरेशी होती.

जिभाऊ फ्लेक्सबद्दल मनापासून ओशाळलेले होते. पण आवाजाच्या बाबतीत ते हटेनात. अडचण तांत्रिक होती, त्यांनी समजावले. माझ्या प्रत्येक शब्दाला श्वास चिकटलेला होता. डबिंगमध्ये श्वास हा कचरा. तो कापून टाकतात, आणि माझा कापला तर शब्दही जाईल. मी त्यांना एक प्रस्ताव दिला. रुग्णालयातला मोठा प्रसंग घ्यायचा. पहिल्या भागात नायिका धडधाकट आहे, तिथे कॅमेऱ्यावरचा माझा जुना कच्चा आवाजच ठेवू, कोंबड्यांसकट. आजाराने तिचा दम खचल्यानंतरचा हा प्रसंग मात्र एकदा त्या मुलीच्या आणि एकदा माझ्या आवाजात तयार करायचा. मग तो आम्हाला न ओळखणाऱ्या माणसांना दाखवायचा, अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरा, आणि कोणालाही काही सांगायचे नाही. निकष मी स्वतः ठरवला: ज्या आवाजावर लोक जास्त वेळा हसतील तो आवाज चित्रपटात राहील. मी हरले तर पुन्हा विषय काढणार नाही.

जिभाऊंना तो सौदा न्याय्य वाटला. धुळ्याची मुलगीही तयार झाली. ती खरोखर चांगली होती, हे मी नोंदवते.

आमच्या प्रयोगशाळेची रोपे घेणारे सावद्याचे एक व्यापारी आहेत. त्यांच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये कामगार दोन पाळ्यांत जेवायला बसतात. तिथे आम्ही एक टीव्ही लावला. मी तोंडाला मास्क लावून मागे, रिकाम्या क्रेटच्या थप्पीशेजारी बसले. मी बोलले असते तर चाचणी बिघडली असती, म्हणून कोणी काही विचारले की नुसती मान हलवत होते.

पहिल्या पाळीला त्या मुलीचा आवाज होता. लोक हसले, मोकळेपणाने, पुन्हा पुन्हा. प्रसंग संपला, त्यांनी डबे धुतले, चांगलं होतं म्हणाले आणि कामाला गेले.

दुसऱ्या पाळीला माझा. पहिल्याच वाक्याला कोणीतरी आवाज वाढवायला सांगितला. एक जण म्हणाला, स्पीकर फाटलेला दिसतो. जिभाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्या न पाहण्याचा अर्थ मला कळला. मग काही बायका टीव्हीच्या जवळ सरकल्या. मागे एक माणूस पाण्याने केळीचे घड धूत होता. त्याला कोणीतरी हात करून पाणी बंद करायला लावले. हसू आले, पण कमी वेळा. उशिरा आले. दोन ठिकाणी मला हमखास वाटले होते तिथे आलेच नाही. प्रसंग संपण्याआधीच मला निकाल माहीत होता. मी ठरवलेल्या निकषावर मी हरले होते, आणि फरक इतका स्पष्ट होता की वाद घालायला जागा नव्हती. निकाल आवडला नाही म्हणून निकष बदलणाऱ्यांविषयी माझे मत फारसे बरे नाही, त्यामुळे मी गप्प बसले.

नायिकेला शस्त्रक्रियेसाठी आत नेतात तिथे तो प्रसंग संपतो. पडदा काळा झाला. डबे उघडे होते, पण कोणी उठले नाही. पुढे बसलेल्या एका बाईंनी मान वळवली. वय आईएवढे असावे. हात केळीच्या चिकाने काळवंडलेले होते.

“मंग वाचली का ते पोरगी?” त्यांनी जिभाऊंना विचारले.

पहिल्या पाळीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जिभाऊंच्या चित्रपटात त्याचे उत्तर ठरलेले होते, छापून चौकातही लागले होते. त्यांच्याच्याने ते उत्तर देववेना. सगळी शेड त्यांच्याकडे पाहत होती. ते माझ्याकडे पाहू लागले.

मी मास्क खाली ओढला.

“वाचली,” मी म्हणाले.

तो आवाज ओळखायला कोणालाही वेळ लागला नाही. एकेक मान मागे वळली. बाईंनी माझा चेहरा पाहिला, मग गळ्यावरची आडवी खूण पाहिली, आणि बसल्या जागेवरून थोड्या बाजूला सरकून गोणपाटावर जागा केली.

“मंग मांगं काय बसली?” त्या म्हणाल्या. “पुढे ये.”

परतीच्या वाटेवर जिभाऊ गाडी चालवत होते. मी त्यांना आठवण करून दिली की सौद्याप्रमाणे मी हरले आहे. तुझा हिशोब तुझ्यापाशी ठेव, ते म्हणाले. ते पिक्चर लोकांसाठी काढतात आणि लोकांनी काय विचारले ते त्यांनी स्वतः ऐकले होते. शेवट नवा लिहून दे आणि उद्यापासून धुळ्याला ये. फक्त त्या श्वासांचे काय करायचे ते सांग. एकेक कापत बसलो तर महिना जाईल.

“कापूच नका,” मी म्हणाले. थांबले, श्वास घेतला. जिभाऊ गाडी हळू करून ऐकत होते. “तिथेच लोक वाट बघतात.”